भगरीतलं हाड

काल एकादशी होती, आणि काल संध्याकाळपासून आमच्या गल्लीत बातमी आहे की माळकऱ्यांच्या घरात हाडं येतात. बातमीचं मूळ आमचा गुंड्या, पॉमेरेनियन, वजन साडेतीन किलो. ती गल्लीभर नेणारे समोरचे आप्पा.

झालं एवढंच, की दारात उभ्या उभ्या गुंड्यानं मान ताणली, पुढचे पाय फाकवले आणि नाकातून घर्रर्र-घर्रर्र सुरू केलं. आप्पा ओट्यावरून उठले.

"कुत्रं मरायलंय की ओ!"

"नाही आप्पा, उलटी शिंक आहे ती."

"शिंक कुटं उलटी असती का? हाड आडकलंय नरड्यात. काय चारलाव?"

"भगर."

"भगरीत हाड?" एवढं म्हणून आप्पांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे असं बघितलं, की मीसुद्धा क्षणभर भगर आठवून बघितली. तोवर चार बायका जमल्या होत्या.

आता त्या गर्दीत सांगायला मिळालं नाही, ते इथं सांगतो. शिंकेत हवा बाहेर फेकली जाते. उलट्या शिंकेत ती नाकातून झटक्याझटक्यानं आत ओढली जाते. धूळ, अगरबत्तीचा धूर, नाहीतर पाहुणा आल्याचा आनंद, काहीही पुरतं. टाळूमागचा मऊ भाग चाळवतो आणि अर्धा-एक मिनिट हा तमाशा चालतो. नाकपुड्या क्षणभर बोटानं झाकायच्या, गळ्यावरून हळू हात फिरवायचा. कुत्रं गिळतं आणि थांबतं. मी तेच करत होतो. आप्पांच्या मते मी पुरावा दाबत होतो.

"आवं, तूप वता नरड्यात, घसरंल!" वाटीसुद्धा आली. धाप लागलेल्या तोंडात तूप ओतलं की ते श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पण वाटी आणणाऱ्याला उपकार केल्याचं समाधान असतं, त्याला कोण अडवणार?

पॉमेरेनियनला घोर असलाच, तर तो दुसऱ्या आवाजाचा: जुन्या एस्टीच्या रबरी भोंग्यासारखा कोरडा खोकला, आनंदात किंवा पट्टा ओढला की हमखास. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या घोड्याच्या नालासारख्या असतात. त्या ढिल्या पडल्या की नळी चपटी होते. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस बांधा आणि वजन उतरवा. खोकून खोकून शेवटी पांढरा फेस ओकत असेल आणि आठवड्यापूर्वी दहा कुत्र्यांत राहून आलं असेल, तर तो बहुधा संसर्गाचा खोकला. घरातली बाकीची कुत्री दूर ठेवा. दवाखान्यात कुत्रं साळसूद बसतं, म्हणून आवाजाचा व्हिडिओ काढून न्या. झोपेत छातीचे चढउतार 15 सेकंद मोजून चारनं गुणा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर डॉक्टर गाठा. हिरड्या निळ्या-जांभळ्या दिसल्या तर मोजत बसू नका, निघा. आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात चपट्या नाकाचा पग दुपारी फिरवणाऱ्यांना मला काही सांगायचंच नाही.

आप्पांची शेवटची सूचना मात्र अजून डोक्यातून जात नाही. "हात घाला अन् काडा बाहीर!" लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, असं कुत्रं हाड अडकल्यासारखंच दिसतं, आणि ते पिसाळलेलं असू शकतं. लोक खरोखर हात घालतात. लस न टोचलेल्या कुत्र्याच्या तोंडात तर अजिबात घालू नये. चुकून घातलाच, तर हात साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे हाडच हाय."

गुंड्या केव्हाच थांबून त्यांचा पाय हुंगत होता.

आज द्वादशी. सकाळी तुळशीला पाणी घालायला बाहेर आलो, तर फाटकाच्या कडीला कॅरीबॅग लटकवलेली. आत मटणाच्या नळ्या, चांगल्या शिजवलेल्या. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात आणि अडकायचं असलं तर तेच नरड्यात अडकतं. ओट्यावरून आप्पा हात वर करून म्हणाले, "आता चोरून आणायचं काम नाय!"