यंदा गोदूताईंचे पुस्तक वाचू या

आमच्या बडोद्यातील मराठी वाचक मंडळाने या वेळी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले एखादे जुने मराठी पुस्तक वाचायचे ठरवले आहे. सुचवलेली नावे बहुतेक अपेक्षितच आहेत: 'ययाति', 'स्वामी', 'व्यक्ति आणि वल्ली', 'नटसम्राट'. ही पुस्तके मोठी आहेत, याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. पण घरी एकट्याने वाचायचे पुस्तक आणि दहा जणांनी वाचून त्यावर बोलायचे पुस्तक यांची निवड वेगवेगळ्या कसोट्यांवर व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. माझे मत गोदावरी परुळेकर, म्हणजेच गोदूताई, यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला आहे, ज्याला १९७२ चा अकादमी पुरस्कार मिळाला होता.

मराठीतील पहिला अकादमी पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला. तेव्हापासूनची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुरस्कार ठरावीक वर्षांत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला दिला जातो, त्यामुळे तो लेखकाच्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकाला मिळेलच असे नाही. ज्यांच्या कवितेने मराठी कवितेचे वळण बदलले त्या मर्ढेकरांना तो १९५६ साली, मरणोत्तर, 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षाग्रंथासाठी मिळाला, आणि नेमाड्यांना 'कोसला'साठी नव्हे तर 'टीकास्वयंवर'साठी. म्हणून केवळ लेखकाचे नाव पाहून निवड केली, तर जे वाचायच्या इच्छेने लोक येतील ते त्यांच्या हाती पडणार नाही. परुळेकरांच्या बाबतीत ही अडचण नाही; त्यांचे जे पुस्तक वाचायला हवे, त्यालाच पुरस्कार मिळाला आहे.

'व्यक्ति आणि वल्ली'बद्दल एवढेच म्हणेन की त्यावर आपल्या सर्वांचे आधीच एकमत आहे. प्रत्येक जण आपापले आवडते उतारे म्हणून दाखवील, संध्याकाळ आनंदात जाईल, आणि चर्चा मात्र सुरूच होणार नाही.

दिलीप चित्रे यांचे नाव सुचवणाऱ्यांची भावना मला अधिक जवळची वाटते. त्यांचा जन्म १९३८ साली बडोद्यातच झाला, त्यांच्या वडिलांनी, पुरुषोत्तम चित्रे यांनी, इथूनच 'अभिरुची' मासिक चालवले, आणि मर्ढेकरांच्या त्या काळी अनेकांना न पेललेल्या कविता त्याच मासिकाने छापल्या. 'एकूण कविता - १' ला १९९४ चा पुरस्कार आहे. परंतु एवढा मोठा कवितासंग्रह महिनाभरात उरकणे हा त्या कवितेवर अन्याय होईल. दर बैठकीत त्यातील एक-दोन कविता मोठ्याने वाचाव्यात, वर्षभर वाचाव्यात; त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आता माझ्या निवडीविषयी. पुण्यातील एका नामवंत वकिलाच्या घरात वाढलेली, स्वतः कायद्याची पदवी घेतलेली एक बाई किसान सभा या शेतकरी संघटनेच्या कामासाठी वारली आदिवासींच्या पाड्यांवर जाते आणि तिथे जे दिसले, जे घडले, ते पंचवीस वर्षांनंतर लिहून काढते, असे या पुस्तकाचे स्वरूप आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली त्या कर्जापोटी बायकोसह त्याचा 'लग्नगडी' होई आणि फेड कधीच पुरी होत नसे. वेठ नाकारणे म्हणजे मार खाणे, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलेले होते. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ करायची नाही असे ठरवले. पुढे ऑक्टोबरात, सभा असल्याचा खोटा निरोप पसरवून तलवाड्याला जमवलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे साथीदार मारले गेले. गोदूताईंनी हे सारे साध्या, सरळ वाक्यांत लिहिले आहे. आपल्या मंडळातील जी तरुण मुले गुजराती माध्यमात शिकली आणि घरी मराठी बोलत असली तरी मराठी सावकाश वाचतात, त्यांनाही हे गद्य अडणार नाही.

शिवाय हा मुलूख आपल्यापासून दूर नाही. मुंबईला जाताना वापी मागे पडले की भिलाड, संजाण, उंबरगाव रोड ही स्थानके लागतात, आणि तिथून पूर्वेला गेले की पुस्तकातला प्रदेश सुरू होतो. तेव्हा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा त्याचा काही भाग गुजरातेत आला आणि तलासरीची बाजू महाराष्ट्रात राहिली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीही, गाडीने काही तासांच्या अंतरावर, माणसे वेठीला बांधलेली होती, ही गोष्ट त्या अभिमानाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

हे पुस्तक प्रचारकी आहे, एका पक्षाच्या कार्यकर्तीचे आहे, असा आक्षेप मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी घेतला. लेखिका कम्युनिस्ट होत्या आणि त्यांनी ते कुठेही लपवलेले नाही. मला तर चर्चेचा खरा प्रश्न इथेच दिसतो. लढ्याची पुढारीही त्याच आणि निवेदकही त्याच. मग वारल्यांचे बोलणे आपल्यापर्यंत कितपत पोहोचते आणि गोदूताईंचे कितपत? याच यादीत थोडे पुढे गेले की १९८१ साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि १९८८ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने भेटतात. तिथे बाहेरून आलेले कुणी सांगत नाही. ज्याने सोसले तोच लिहितो. दहा-पंधरा वर्षांत मराठी गद्यात सांगणारा माणूसच बदलला, आणि तो बदल समजून घ्यायचा तर आधी परुळेकर आणि मग माने असेच वाचायला हवे. एकट्या 'उपरा'वर आजवर भरपूर बोलले गेले आहे. ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचून कुणी बोलल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या बैठकीसाठी तलवाड्याच्या गोळीबारापर्यंतचा भाग वाचावा, दुसऱ्या बैठकीत पुस्तक पूर्ण करावे आणि त्यानंतर 'उपरा' घ्यावे. प्रती एकत्रच मागवाव्यात, म्हणजे सर्वांकडे एकच आवृत्ती राहील आणि पृष्ठांचा घोळ होणार नाही. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी खाली अवश्य लिहावे; फक्त पुस्तकाच्या नावाबरोबर, त्या पुस्तकातील कोणत्या प्रश्नावर आपण दोन तास बोलू शकू, तेही लिहावे, ही विनंती.