‘जन्मजात प्रोग्रॅमर’ नावाचं ओझं

ऑटिझमविषयी, म्हणजे स्वमग्नतेविषयी, एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. ऑटिझम असलेली माणसं जन्मजात प्रोग्रॅमर असतात. कॉम्प्युटरला भावना नसतात आणि यांनाही फारशा नसतात, म्हणून दोघांचं छान जमतं. प्रोग्रॅमिंग हे एकट्याने करायचं काम, त्यामुळे त्यांना सोयीचं. ऑनलाइन जगात त्यांना काहीच अडचण येत नाही. जगातले मोठमोठे तंत्रज्ञ असेच होते. तेव्हा मुलाचं निदान झालं तर रडत बसू नका, कोडिंगला घाला.

पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा कुणाला तरी धीर द्यायचा असतो, हे मला कळतं. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, ऑटिस्टिक सहकाऱ्यांबरोबर करते, आणि मला हा मजकूर घातक वाटतो. ज्यांना कोडिंग येत नाही किंवा आवडत नाही, त्यांना तो नजरेआड करतो. ज्यांना येतं, त्यांच्यासाठी आपण काही बदलायची गरज नाही असंही तो सांगतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘जन्मजात प्रोग्रॅमर’ ही कल्पना हवेतून आलेली नाही. २००१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ऑटिझमशी जोडली जाणारी वैशिष्ट्यं कुणात किती आहेत ते मोजणारी ५० प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांचे गुण कला शाखेच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने थोडे जास्त आले. पुढे नेदरलँड्समध्ये तंत्रज्ञान उद्योगाचं केंद्र असलेल्या आइंटहोव्हनची दोन शहरांशी तुलना झाली. ऑटिझमचं निदान असलेली मुलं आइंटहोव्हनच्या शाळांमध्ये दहा हजारांत २२९ होती, हार्लेममध्ये ८४ आणि उट्रेख्टमध्ये ५७. फरक मोठा आहे, पण ही माहिती शाळांनी कळवलेली होती, प्रत्येक मुलाची नव्याने तपासणी झालेली नव्हती. आणि ती पूर्ण खरी धरली तरी त्यातून त्या भागातल्या कुटुंबांविषयी काही कळतं. यातलं कुठलं मूल पुढे कोड लिहील, ते त्यातून निघत नाही.

सर्वांत जास्त फिरतो तो २०१३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातला आकडा. कॉलेजात गेलेल्या ऑटिस्टिक तरुणांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित निवडलं. एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के. इथपर्यंत सगळे वाचतात. त्याच अभ्यासात हेही आहे की ऑटिझम असलेल्या तरुणांपैकी कॉलेजपर्यंत पोचले फक्त ३२ टक्के, आणि अपंगत्वाच्या ११ गटांमध्ये हे प्रमाण खालून तिसरं होतं. म्हणजे एक तृतीयांश कॉलेजात गेले, त्यांच्यातल्या एक तृतीयांशाने हे विषय घेतले, आणि त्या सगळ्या विषयांमध्ये प्रोग्रॅमिंग हा एक विषय. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२० साली आठ वर्षांच्या मुलांची माहिती गोळा केली, तेव्हा बुद्ध्यांकाची नोंद असलेल्या ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांना बौद्धिक अक्षमताही होती. ही मुलं त्या फिरत्या मजकुरात कुठेच नाहीत. त्यांच्या आईवडिलांच्या हातात तो पडतो तेव्हा काय होत असेल? निदानाचा धक्का पचतो न पचतो तोच आपलं मूल ‘चांगल्या’ ऑटिझमच्या परीक्षेतही नापास झालं, असं त्यांना वाटू लागतं.

आणि ज्यांची बुद्धी तल्लख आहे, त्यांची ती एकाच साच्याची नसते. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेंपल ग्रँडिन या अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक, गुरांच्या हाताळणीसाठीच्या त्यांच्या रचना जगभर वापरल्या जातात. आपण चित्रांतून विचार करतो आणि बीजगणित आपल्याला कधीच जमलं नाही, हे त्या स्वतः सांगत आल्या आहेत.

भावना नसण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. तो नुसता चुकीचा नाही, क्रूर आहे. ऑटिस्टिक माणसांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्या मनात नेमकं काय चाललंय ते ओळखणं आणि शब्दांत मांडणं अवघड जातं. इतर लोकांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. भावना उमटते, पण तिचं नाव पटकन सापडत नाही. समोरच्याला वाटतं, याला काही वाटतच नाही. उरलेल्या निम्म्यांना तर ही अडचणही नसते. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की न समजण्याची ही अडचण दोन्ही बाजूंनी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं म्हणणाऱ्यांना त्याचं मन तरी कुठे वाचता येतं?

पुढे हे तपासलं गेलं. कानगोष्टींच्या खेळासारखी रचना होती: एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला, आणि शेवटी किती उरलं ते मोजायचं. २०२० सालच्या प्रयोगात फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. २०२५ साली हाच प्रयोग जास्त लोकांवर झाला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. दोन्ही वेळा एक गोष्ट सारखीच राहिली: ऑटिस्टिक माणसांची साखळी कमी पडली नाही.

मग काहींना कॉम्प्युटर इतका का आवडतो? माझ्या एका ऑटिस्टिक सहकाऱ्याने दिलेलं उत्तर साधं होतं. कॉम्प्युटर चूक दाखवतो तेव्हा ओळीचा क्रमांक देतो. काल चाललेला नियम आज त्याचा मूड गेला म्हणून बदलत नाही. तोच प्रश्न दहादा विचारला तरी तो वैतागत नाही. या सगळ्या गोष्टी माणसांनाही करता येतात. आपण करत नाही, इतकंच.

‘एकट्याचं काम’ असं लिहिणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या टीममध्ये एक आठवडाही काढलेला नसावा. रोजची स्टँड-अप मीटिंग (कामाचा छोटा आढावा), अर्धवट सांगितलेली गरज, ऐन वेळी बदललेली मुदत, आणि रिव्ह्यू, म्हणजे आपला कोड दुसऱ्याने तपासून त्यावर शेरे देणं. माझ्या या सहकाऱ्याने लिहिलेल्या एका चाळीसेक ओळींच्या फंक्शनखाली (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याखाली) वरिष्ठाने कॉमेंट टाकली होती: ‘हे जरा नीट करून घ्या.’ त्याने प्रामाणिकपणे विचारलं, नीट म्हणजे नावं बदलायची, फंक्शनचे तुकडे करायचे, की उत्तर चुकीचं येतंय? वरिष्ठाला तो उद्धटपणा वाटला. प्रकरण मॅनेजरपर्यंत गेलं. प्रत्यक्षात काय हवं होतं, तर यादी रिकामी आली तर काय करायचं, याची दोन ओळींची तपासणी. ते पहिल्याच कॉमेंटमध्ये लिहिलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं.

त्यानंतर टीमने ठरवलं की कॉमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यात: नेमकी कोणती ओळ, अडचण काय, आणि बदल केल्याशिवाय कोड पुढे जाणार नाही की ही नुसती सूचना आहे. त्याची सोय झालीच, पण सर्वांत जास्त फायदा नव्याने आलेल्या पोरांना झाला. तीही आतापर्यंत अंदाजच बांधत होती, फक्त विचारायला घाबरत होती.

नोकरी मिळण्याआधीच बरेच जण गळतात, तेही मुलाखतीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचे प्रश्न दिले. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर उभं राहून, मोठ्याने विचार करत सोडवले, काहींनी खोलीत एकट्याने. परीक्षकासमोर कामगिरी निम्म्याहून खाली आली. हे विद्यार्थी ऑटिस्टिक म्हणून निवडलेले नव्हते. कुणी टक लावून पाहत असताना डोळ्याला डोळा देत बोलणं ज्याला मुळातच जड जातं, त्याची अशा मुलाखतीत काय परीक्षा होते? कोड लिहिण्याची तर नाहीच. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२० साली ऑटिस्टिक प्रौढांपैकी जेमतेम २२ टक्के नोकरी-धंद्यात होते. जन्मजात वरदान असलेल्यांची ही अवस्था का, याचं उत्तर त्या मजकुरात शोधूनही सापडणार नाही.

ऑनलाइन जगाबद्दलचं विधान मात्र अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोलाचं आहे. १९९२ साली जिम सिंक्लेअर आणि इतर काही ऑटिस्टिक लोकांनी स्वतःची संघटना उभी केली, आणि त्या दशकात इंटरनेटमुळे दूरदूरची अशी माणसं एकमेकांना सापडली. लेखी संवादात उत्तर द्यायला वेळ मिळतो. चेहरा वाचावा लागत नाही, आवाजाची पट्टी ओळखावी लागत नाही. मेंदूंच्या वैविध्याचा, म्हणजे वेगळ्या धाटणीचा मेंदू हा बिघाड नव्हे, हा विचारही त्याच काळातल्या अशा गप्पांतून आकाराला आला. ज्यांना आयुष्यभर ‘विचित्र’ म्हटलं गेलं, त्यांना आपल्यासारखं कुणी आहे हे पहिल्यांदा स्क्रीनवर कळलं.

पण आजचं ऑनलाइन जग फक्त अक्षरांचं उरलेलं नाही. व्हिडिओ आपोआप सुरू होतो. व्हॉइस मेसेज येतो, तो चाळून पाहता येत नाही. ‘टायपिंग...’ दिसतं आणि नाहीसं होतं. ओळखीचं बटण एका अपडेटमध्ये भलतीकडे जातं. आवाज, प्रकाश, हालचाल यांची तीव्र संवेदना २०१३ पासून निदानाच्या अमेरिकी निकषांमध्येच आहे. उपायही नवे नाहीत. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २००८ पासून लिहिलेलं आहे की पानावर इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणारी गोष्ट वापरणाऱ्याला थांबवता आली पाहिजे. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग असतं. वेबसाइटने ते पाळावं म्हणून कोडमध्ये थोड्याच ओळी लागतात. त्या ओळी लिहिणं आम्हा प्रोग्रॅमर लोकांचं काम आहे, आणि आम्ही ते सर्रास टाळतो. यावर मला फार राग येतो.

यंत्रापेक्षा माणसांचे अलिखित नियम जास्त छळतात. ग्रुपवर कुणी चुकीची माहिती टाकते. दुसरा कुणी ती दुरुस्त करतो, मुद्देसूद, नीट तपासून. त्यावर येतं, ‘कृपया वातावरण बिघडवू नका.’ कोणतं वाक्य खटकलं, ते कुणी सांगत नाही. तो विचारतो, म्हणून आणखी खटकतं, आणि एक दिवस त्याला ग्रुपमधून काढलेलं असतं. इथे उलट्या बाजूचाही एक अन्याय आहे. एखादा नामांकित प्रोग्रॅमर लोकांना घाणेरडं बोलतो, आणि त्याचे चाहते ‘तो ऑटिस्टिक असेल हो’ म्हणून पांघरूण घालतात. निदान कुणी केलेलं नसतं. आपल्याकडून कुणी दुखावलं तर नाही ना, या धास्तीने पाठवलेला मेसेज पुन्हापुन्हा वाचणारे ऑटिस्टिक लोक मला माहीत आहेत. त्यांच्या नावावर दुसऱ्याचा मुजोरपणा खपवू नका.

थोर माणसांच्या यादीवर फार वेळ घालवत नाही. न्यूटन आणि आइनस्टाइन यांची तपासणी आता कुणी करू शकत नाही. बिल गेट्स यांनी २०२५ सालच्या आत्मचरित्रात, आपण आज लहान असतो तर बहुधा ऑटिझमचं निदान झालं असतं, असं म्हटलं आहे. ती त्यांनी व्यक्त केलेली शक्यता आहे. मला खटकतं ते वेगळंच: या याद्यांमध्ये बायका जवळपास नसतात. पूर्वी चार मुलांमागे एक मुलगी असं प्रमाण सांगितलं जायचं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं, आणि मुलींचं निदान राहून जातं असंही दिसलं. चष्मा, हुडी आणि कीबोर्डवाला मुलगा हेच चित्र डोक्यात पक्कं बसलं, की गप्प राहून मैत्रिणींची नक्कल करत दिवस काढणारी मुलगी शिक्षकांना दिसत नाही आणि डॉक्टरांनाही दिसत नाही.

राहिला शेवटचा सल्ला, कोडिंगला घालण्याचा. मुलाला गोडी असेल तर जरूर घाला, जशी इतर कुठल्याही मुलाच्या आवडीला वाट द्याल तशी. पण निदान होतं तेव्हा कितीतरी मुलं धड बोलत नसतात. त्यांना तंत्रज्ञान हवं ते पाणी मागायला, ‘नको’ म्हणायला, कुठे दुखतंय ते सांगायला. चित्रांवर बोट ठेवलं की आवाजात बोलणारी अॅप टॅबवर मिळतात. पालक बिचकतात, कारण यंत्राची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. २००६ साली विकासात्मक अक्षमता असलेल्या लोकांवरचे असे अभ्यास एकत्र तपासले गेले. नीट नियंत्रण ठेवून केलेल्या अभ्यासांत २७ जण होते. त्यांच्यापैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही.

तेव्हा क्लासची चौकशी करण्याआधी स्पीच थेरपिस्टला या साधनाबद्दल विचारा. ते मिळालं की घरातल्यांनीही मुलाशी बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवायचं, कारण बोलणारी मुलं आपलं ऐकून शिकतात, तसं हे मूल आपल्याला वापरताना पाहून शिकतं. टॅब जेवताना, खेळताना, बाहेर जाताना त्याच्या जवळ असू द्या. आणि हट्ट केला म्हणून शिक्षा म्हणून तो कधीही काढून घेऊ नका.