विप्रोचे ते शंभर शेअर, आणि बाकीच्यांचं काय?

दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगच्या सुमारास एक फॉरवर्ड हमखास येतो. '1980 साली विप्रोचे 100 रुपये भावाचे 100 शेअर घेऊन विसरून गेला असतात, तर त्या दहा हजारांचे आज हजार कोटी झाले असते. अमळनेरच्या साध्या माणसांना हे कळलं. फक्त संयम हवा. आजचा विप्रो ओळखा!' आणि खाली कुठल्यातरी ग्रुपची लिंक.

आधी गणित. ते बरंचसं बरोबर आहे. 1981 पासून बोनसवर बोनस (म्हणजे हाती असलेल्या शेअरवर फुकट मिळणारे जादा शेअर), 1986 मध्ये शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे भाग, 1999 मध्ये पुन्हा दोन-दोनचे. असं करत 2010 पर्यंत शंभराचे 96 लाख शेअर होतात. पुढचे 2017, 2019 आणि 2024 चे बोनस धरले तर पाच कोटींच्या वर. खोट इतकीच की 100 रुपये हे दर्शनी मूल्य, म्हणजे शेअरवर छापलेली किंमत, आणि फॉरवर्ड ते बाजारभाव म्हणून खपवतो. पण तेही सोडून देऊ. दहा हजारांचे हजार कोटी म्हणजे दहा लाख पट, चव्वेचाळीस वर्षं दरसाल सुमारे 37 टक्के.

प्रश्न आकड्याचा नाहीच. विप्रो हे नाव कुणी, कधी आणि कशातून निवडलं, हा आहे. निवड आज झाली आहे, निकाल लागल्यावर. 1980 मध्ये विप्रो ही प्रामुख्याने वनस्पती तूप आणि साबण करणारी कंपनी होती. संगणकाच्या धंद्यात ती त्यानंतर शिरली. तेव्हाच्या गुंतवणूकदारापुढे दुसरं काय होतं ते बघा. कुर्ल्याला पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. ॲम्बेसेडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे अशी कंपनी सोडून डालडाच्या स्पर्धकावर दहा हजार लावणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढलं असतं, आणि हाती असलेल्या माहितीवर त्यांचं चुकलंही नसतं. 1986 मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस कंपन्यांचा निर्देशांक, सुरू झाला तेव्हा या दोन्ही मोटार कंपन्या त्याच्या तीस नावांत होत्या. आज त्यांच्यावर फॉरवर्ड येत नाही. गिरण्यांच्या शेअरवरही येत नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या कापडधंद्याचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. बुडालेल्यांचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून उरलेल्यांचा हिशेब जादूसारखा दिसतो.

नाव न निवडता सरसकट बाजार घेतला असता तर? सेन्सेक्सचा पाया 1978-79 साली 100 धरलेला आहे, आणि जुलै 2024 मध्ये तो 80,000 च्या वर गेला. लाभांश सोडला तर दहा हजारांचे साधारण ऐंशी लाख. वाईट नाही! पण कुठे ऐंशी लाख, कुठे हजार कोटी. शिवाय हे ऐंशी लाखही जरा सजवलेलेच: निर्देशांकातून ढेपाळलेल्या कंपन्या वेळोवेळी काढतात, आणि तसा निर्देशांक जसाच्या तसा विकत घेण्याची सोय तेव्हा भारतात नव्हती.

आता संयम. प्रीमियरचा शेअर धरून बसलेल्यानेही संयमच ठेवला होता. संयमाने पैसा होतो असं म्हणायचं तर चार खाने भरावे लागतील: संयम ठेवून कमावलेले, संयम ठेवून बुडालेले, विकून वाचलेले, विकून पस्तावलेले. फॉरवर्ड पहिलाच खाना दाखवतो. यशस्वी उद्योजक पहाटे चारला उठतात, ही वाक्यंही याच जातीची. पहाटे चारला दूधवालाही उठतो. आणि 'विसरून जा' म्हणणाऱ्यांनी विप्रोचाच आलेख बघावा. फेब्रुवारी 2000 च्या शिखरावरून पुढच्या दीडेक वर्षात हा शेअर ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरला होता. तेव्हा तो धरून ठेवणं शहाणपणाचं होतं की हट्टाचं, हे त्या दिवशी कुणाला सांगता आलं असतं?

अमळनेरचं उदाहरण खरं आहे, निष्कर्ष खोटा. जळगाव जिल्ह्यातल्या या गावातली कितीतरी कुटुंबं विप्रोमुळे श्रीमंत झाली, कारण वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढे विप्रो झालेली कंपनी, 1945 मध्ये तिथेच सुरू झाली आणि तिचे शेअर गावातल्या लोकांकडे होते. त्यांनी ते टिकवले याचं कौतुक जरूर करा. पण देशभरातल्या कंपन्या धुंडाळून त्यांनी विप्रो शोधून काढली नव्हती. कारखाना गावात होता. त्याच गावात प्रताप मिलही होती. गावच्या गिरणीवर असाच विश्वास टाकणारी माणसं महाराष्ट्रात कमी नव्हती.

राहिला 'आजचा विप्रो'. हे कौशल्य कुणाकडे आहे असं भासवायला कौशल्य लागतच नाही. आठशे जणांना मेसेज करा: चारशेंना सांगा शेअर चढेल, चारशेंना सांगा पडेल. ज्यांच्या बाबतीत खरं ठरलं त्या चारशेंना पुन्हा अर्धं-अर्धं. तिसऱ्या फेरीनंतर शंभर जण असे उरतात ज्यांना तुमचे तिन्ही अंदाज अचूक आलेले दिसतात. बाकीच्या सातशेंनी ग्रुप सोडलेला असतो, आणि फी या शंभरांकडे मागायची असते.