खुलासा : ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) सैबेरियातून येत नाहीत

“सैबेरियातून हजारो किलोमीटर उडून आलेले फ्लेमिंगो” असा मजकूर जोडलेला ऐरोलीजवळचा एक व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतो. व्हिडिओ खरा, मजकूर चुकीचा. आपल्या खाडीत येणारे रोहित मुख्यतः गुजरातेतून येतात. कच्छच्या रणात पाऊस चांगला झाला की तिथे चिखलाची घरटी करून ते वीण करतात आणि साधारण नोव्हेंबरपासून इकडे दिसू लागतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांना टॅग लावले, त्यांतलेही काही गुजरातेतच गेले.

त्याच मजकुरात राखाडी पक्ष्यांना “आजारी” म्हटलंय. तसं नाही हो! ती पिल्लं आहेत. शेवाळासारख्या खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे पिसं हळूहळू गुलाबी होतात, त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

सैबेरियाचे खरे पाहुणे त्याच चिखलात, रोहितांच्या पायांशी असतात. कर्ल्यू सँडपायपर बघा : मैनेपेक्षा लहान, चोच टोकाशी खाली वाकलेली. हिवाळाभर करडा, पण एप्रिलमध्ये परत निघायच्या आधी छाती-पोट विटकरी लाल होतं. हा पक्षी थेट आर्क्टिक टुंड्रात अंडी घालतो. त्याच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाहायला जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात.