पाय धुवायचेच, तर बधिर पाय धुवा

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. बहुतेक पाय घरूनच स्वच्छ होऊन आलेले असतात. विधीला माझा विरोध नाही. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभू कमरेला रुमाल बांधून बसला, तो रस्त्याच्या धुळीने माखलेल्या पायांपुढे. हे काम घरातल्या अगदी खालच्या नोकराचं होतं. ज्या मंडळीला ते वर्षभर करायचंय, तिने कुष्ठरोगातून बरे झालेल्या, पण पाय बधिर राहिलेल्या माणसांकडे जावं.

एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराच्या, गोळ्यांनी कुष्ठरोगाचे जंतू मरतात, पण मेलेली नस बहुधा परत येत नाही. 1946 साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आलेले, कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड आयुष्यभर हेच सांगत राहिले: बोटं आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय जातो.

म्हणून नुसती माया पुरत नाही, हात शिकलेले लागतात. पाणी साधं घ्या, गरम नको. त्या माणसाला चटका कळणारच नाही. घोटे बुडतील एवढं पाणी टबात घ्या आणि पाय वीसेक मिनिटं भिजू द्या. मग मऊ झालेला घट्टा खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासा. वजरी नको, ब्लेड तर मुळीच नको. घट्टा तसाच ठेवला तर तो खड्यासारखा आत रुततो आणि त्याखाली जखम होते, बहुतेक वेळा अंगठ्यामागच्या चवड्यावर. घासून झालं की पाणी निथळू द्या आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा, म्हणजे ओलावा आत टिकतो आणि भेगा पडत नाहीत. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करा, तिथे तेल नको. आधीच उघडी जखम असेल तर भिजवू नका. स्वच्छ पट्टी बांधून दवाखान्यात पाठवा. मधुमेहाच्या पायांना हा भिजवण्याचा नियम लागू नाही. ते धुवून लगेच पुसायचे. ही गल्लत चांगल्या मनाचे लोकच जास्त करतात.

आता हाताची पाठ दोन्ही तळव्यांवरून फिरवा. एका जागी दुसऱ्या पायापेक्षा जास्त ऊब लागली, तर कातडी धड दिसली तरी आत इजा झालेली आहे. चालणं बंद, पाय वर, आणि डॉक्टरला दाखवायचं.

चपलेतही हात घाला. खडा, वर आलेला खिळा, उसवलेला टाका, सगळं बोटांनी चाचपा. चप्पल आतून एमसीआरची (बारीक छिद्रांचं मऊ रबर), खालून टणक आणि मागे पट्टा असलेली हवी. अंगठ्याची साधी स्लीपर बधिर पायातून निसटते आणि ती धरून ठेवायच्या धडपडीत बोटं सोलतात.

प्रभूचा शिष्य पेत्र आधी पाय धुवू द्यायला तयार नव्हता. ही माणसंही पाय मागे ओढतात, वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो. आधी विचारा, नाही म्हणाले तर नुसतं शेजारी बसा. उपचार पूर्ण झालेल्याला शिवल्याने रोग होत नाही. हातमोजे फक्त जखमेसाठी.

आणि सेवा आपल्याच हातात अडकवून ठेवू नका. पहिले काही दिवस तुम्ही धुवा, मग दगड त्यांच्या हातात द्या. तळवा पाहायला छोटा आरसा द्या. नजर अधू असेल तर घरातल्या कुणाला शिकवा. रोजचं ते करतील. तुम्ही आठवड्यातून एकदा जाऊन तळवे आणि चपला बघा.