जरा धरा

प्लंबरनं माझ्या लेंग्याच्या नाडीत पक्कड खोचली तेव्हा मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं. तोंडात टेफ्लॉन टेपचं रीळ होतं, तेही त्यानंच दिलेलं. डाव्या हातात नळाचा स्पिंडल, उजव्या हातात बॅटरी लावलेला मोबाइल, खांद्यावर फडकं म्हणून माझंच जुनं बनियन, आणि कमरेला पक्कड.

नळ गळत होता. गळक्या नळाबद्दल आजवर लोक जे जे बोललेत ते माझ्या नळालाही लागू आहे, तेव्हा तो भाग सोडून देतो.

हा गृहस्थ आला तो साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन. त्यात एक पाईप पाना, टेप, दोन वॉशर आणि जेवणाचा डबा. बाकी सगळं मी पुरवायचं. "साहेब, टेस्टर असंल? स्टूल असंल? एखादी हातोडी?" घरोघरी असतो तसा आमच्याकडेही एक खण आहे. त्यात न पेटणारा टेस्टर, कुठल्याशा कपाटाबरोबर आलेल्या तीन षट्कोनी चाव्या आणि संपलेले सेल असतात. संपलेले सेल आपण का जपतो हे मला आजवर कळलेलं नाही. मी तो अख्खा खण उचलून बाथरूमच्या दारात ठेवला. त्यानं त्यातून हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाकीच्याकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

एवढ्यात बेल वाजली आणि चौथ्या मजल्यावरचे अण्णा आत आले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, हातात रेझर. प्लंबरनं गच्चीवर जाऊन आमच्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि अण्णांचं बाथरूम बरोबर आमच्या खाली. ते भांडायलाच आले होते. पण प्लंबरला माझ्या नाडीतली पक्कड उपसताना त्यांनी पाहिलं आणि भांडण राहिलं बाजूला.

"पट्टा कुठाय तुझा?"

"कसला पट्टा, काका?"

"कमरेचा! हत्यारांचा! यांना काय खुंटी समजलास?"

'खुंटी' हा शब्द माझ्या बाजूनं वापरलेला असूनही मला लागला.

अण्णा परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. कारखाना 1879 सालचा, हे ते दुधवाल्यालाही सांगतात. तिथं म्हणे फिटर पुढं चालायचा आणि हत्यारांची पेटी घेऊन खलाशी, म्हणजे त्याचा मदतनीस, मागून. टूलरूममधून पाना घ्यायचा तर आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून जायचं. संध्याकाळी पाना परत आला नाही, तर बिल्ला चुगली करायचा. "एक कानस हरवली तर आम्हाला जेवण जायचं नाही, आणि हा हत्यारं लोकांच्या लेंग्यात ठेवतो!" न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलाकडे जो प्लंबर येतो त्याच्या कमरेला म्हणे चामड्याचा पट्टा असतो. हातोडीला वेगळी कडी, टेपला वेगळा कप्पा, मिशी तेवढी नाही, नाहीतर थेट फौजदार.

इथं प्लंबरनं हातातलं काम थांबवलं. एरवी हा माणूस 'धरा' आणि 'सोडा' यापलीकडे बोलत नव्हता.

"काका, तिकडं तो उभा राहून काम करतो. आमचं सगळं उकिडवं. बेसिनखाली घुसायचं, कमोडच्या मागं हात घालायचा. पट्टा उभ्या माणसाचा. बसलं की पोटात घुसतो."

"कोण म्हणतं?"

"बसून बघा."

अण्णा स्वतः बसणार नव्हते, त्यांचा गुडघा बदललेला आहे. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, प्लंबरच्या कमरेला दोन वेढे देऊन करकचून बांधला आणि त्यात हातोडी, स्क्रू ड्रायव्हर आणि पाईप पाना शिस्तीत खोचले. "याला स्टिल्सन म्हणतात. पाईप पाना काय म्हणता! 1869 साली अमेरिकेत स्टिल्सन नावाच्या माणसानं काढला." गालावरचा फेस सुकून त्याचे पापुद्रे पडायला लागले होते. मी टेप तोंडात धरून हा सगळा इतिहास ऐकत होतो. घड्याळात साडेदहा. साडेनवाला ऑफिसला कळवलं होतं, 'अर्ध्या तासात निघतो'.

प्लंबर बेसिनखाली उकिडवा बसला. स्क्रू ड्रायव्हरची मूठ बरगडीत गेली, तो "आयाया" करत मागं सरला, पंचा सैल झाला आणि दीडएक किलोचा तो स्टिल्सन 1869 पासून याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखा थेट फरशीवर आदळला.

माझ्या फरशीवर! नवीन टाइल, दिवाळीआधी बसवलेली, कोपऱ्याचा टवका उडाला. दोघांनी टवक्याकडे पाहिलं. "बघा, सांगत होतो," प्लंबर म्हणाला. "गाठ नीट नव्हती," अण्णा म्हणाले. भरपाईचा विषय दोघांपैकी एकानंही काढला नाही, आणि मी काढावा तर तोंडात टेप.

खरं तर या वादातला सगळ्यात चांगला मुद्दा माझ्याकडे होता. आमच्या गावाकडे, लांज्याला, गडीमाणसं कोयता कमरेला मागच्या बाजूला आकडीत अडकवतात. गोव्याकडे माडावर चढणारे रेंदेर काती अशीच पाठीमागे ठेवतात, कारण पोटाची बाजू खोडाला लागते. म्हणजे पट्टा आपल्याकडे आहे, फक्त तो मागं आहे! उकिडवं बसा नाहीतर माडावर चढा, टोचत नाही. हे मी बोललोही. दोघांना ऐकू आलं ते "ऊं ऊं ऊं". प्लंबर म्हणाला, "टेप गिळू नका साहेब, एकच आहे."

शेवटी नळ बसला. मी टेप थुंकली आणि आधी तो कोकणचा मुद्दा मांडला. तोवर अण्णा घरी गेले होते.

मग मी मुख्य विषयाला हात घातला. जरा चढ्या आवाजातच म्हटलं, पट्टा नको तर नको, पण निदान हत्यारांची पिशवी तरी आणायची! तुमचा धंदा, तुमची हत्यारं, आणि सकाळपासून खुंटी मी?

"सगळं आहे साहेब," तो पिशवीत डबा नीट बसवत म्हणाला. "खाली स्कूटरच्या डिकीत. हातोडी, पक्कड, पाने, ड्रिल, पार दहा-बारा किलो. पण तुमच्या लिफ्टवर लिहिलंय ना."

लिहिलंय. 'कारागीर, डिलिव्हरीवाले यांनी जिना वापरावा.' टाइल्सची गोणी लिफ्टच्या दाराला घासली म्हणून गेल्या वार्षिक सभेत ठराव झाला होता. विरोधात कोणीच नव्हतं. मी तर हात जरा लवकरच वर केला होता, कारण वडे आले होते आणि ते गार होत होते. ती गोणी माझ्याच बाथरूमच्या टाइल्सची होती ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नाही, आणि मी ती कोणाला करून दिली नाही.

"पाच मजले काय काय वाहणार?" तो म्हणाला. "पान्याशिवाय नळ उघडत नाही, तेवढा आणतो. बाकी घरात मिळतंच. चारशे द्या."

"चारशे?"

"हेल्पर आला नाही आज, नाहीतर सहाशे होतात."

म्हणजे सकाळभर मी दोनशे रुपयांचं काम केलं होतं, आणि मला वाटत होतं माझा वेळ वाया गेला. चारशे दिले. टाइलचं बोलणार होतो, पण त्या पाटीनंतर जीभ रेटेना. तो जिन्यानं उतरला.

पाचच मिनिटांत त्याचा फोन. "साहेब, पक्कड राहिली का वर?"

पक्कड? ती तर माझ्या खणातली, असं म्हणता म्हणता मला आठवलं, खणातून फक्त हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर निघाला होता. कमरेला हात लावला. ती नाडीत होती. हे एक हत्यार बिचाऱ्यानं जिन्यानं वर आणलं होतं, खिशातून, आणि मी तासभर ते अंगावर वागवत होतो.

"घेऊन येता का खाली? तुम्हाला लिफ्ट आहे."

गेलो. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात अण्णा, एक गाल अजून पांढरा, हातात रेझर. त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हां! हे असं पाहिजे," ते म्हणाले. "आता गच्चीवर जाऊन तेवढा व्हॉल्व्ह उघडा."