खिसा असलेला ट्यूनिक आणि लेकीची शाळा

गणवेश शिवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीसाठी शाळा शोधायची, म्हणजे आचाऱ्याने दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसायचं. जेवणात जीव कमी, तुपाच्या वासावरच लक्ष.

आमची लेक येत्या जूनमध्ये पाचवीला जाईल. आत्ताची शाळा चौथीपर्यंतच. तीन महिने आम्ही दोघं दुपारचं ऊन टाळून शाळा बघत फिरलो. मुलींचीच शाळा हवी हा हट्ट बायकोचा. मी आधी कुरकुरलो, नंतर पटलं, पण तिच्यापेक्षा वेगळ्या कारणाने. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपल्या गावात मुलींच्या शाळांची परंपरा जुनी. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात बायकांच्या शिक्षणासाठी सेवासदन ही संस्था सुरू केली, तिची शाखा सोलापुरात आली. उमाबाई श्राविका नावाची शाळा आहे. घरातल्या मोठ्या बायकांना विचारा, कुणी ना कुणी अशा शाळेत शिकलेली निघतेच. आता त्यांच्या जोडीला विनाअनुदानित इंग्रजी शाळा आल्या, शहराबाहेर होस्टेलवाल्या आल्या. आम्ही पाहिलेल्या तीन शाळांची नावं मात्र लिहिणार नाही. मेसेज करूनही विचारू नका, त्यांच्यापैकी कुणाची तरी ऑर्डर उद्या माझ्याकडे असू शकते.

तर धंद्यातली एक गोष्ट सांगतो. शाळेची ऑर्डर येते तेव्हा कागदावर मुलांच्या पँटला खिसे किती, कुठे, सगळं लिहिलेलं असतं. दोन बाजूला, एक मागे, शर्टाला वर एक. मुलींच्या ट्यूनिकपुढे रंग, प्लीट, बेल्ट, लांबी. लांबी तर अगदी ठळक, गुडघ्याखाली किती बोटं तेसुद्धा. खिशाचं नाव नाही. कापडाचा प्रश्न नाही, कटिंगमध्ये उरलेल्या तुकड्यात खिसा बसतो. मी काही शाळांना विचारलंय. एका सरांनी सांगितलं, "मुलींना कशाला? त्यांना दप्तर आहे की." दुसरीकडून उत्तर आलं, खिसा दिला की मोबाईल आणतात. मुलांच्या चार खिशांत काय येतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गिऱ्हाईक आहे शेवटी.

हे मी पंधरा वर्षं शिवतोय आणि मला कधी काही वाटलं नाही. बायकोने एका वाक्यात डोळे उघडले. "पाळी आली की पोरगी वर्गातून अख्खं दप्तर घेऊन बाहेर जाते आणि सगळ्या वर्गाला कळतं. खिसा असता तर हात घालून गेली असती." मी मशीनवरून उठलो आणि नुसता उभा राहिलो. (आठवीपासून मुलींना पांढरी सलवार लावायचं ज्यांनी ठरवलं, त्या बैठकीत एकही बाई नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.)

तेव्हापासून शाळेत शिरलो की आधी मुलींच्या कपड्यांकडे बघतो. त्यात पळता येतं का, सायकलवर टांग टाकता येते का, वाकून फळ्याचा खालचा भाग पुसता येतो का. गणवेश ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चालती-फिरती मुलगी होती की हात बांधून उभी असलेली, ते शिलाईत दिसतं.

पहिली शाळा हायवेच्या बाजूची. इमारत अशी की दारात चप्पल काढावी वाटावी. सीबीएसई, बस, होस्टेल. ऑफिसमधल्या मॅडमनी भिंतीवरचा मोठा टीव्ही दाखवला, कॅमेऱ्यांचे चौकोनच चौकोन. "तुमची मुलगी दिवसभर आमच्या नजरेखाली." म्हटलं, चांगलंय. 2024 ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर सरकारने शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सगळं बजावलं, ते हवंच. मग विचारलं, मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? 2022 पासून प्रत्येक शाळेत ही समिती असायला हवी, तिच्यात पालकही असतात. मॅडम म्हणाल्या, "ते वेबसाइटवर असेल बघा." मैदान रिकामं होतं. खेळाचा तास हॉलमध्ये, चटईवर, उन्हाने मुली काळवंडतात म्हणून. खरंच हे कारण सांगितलं. सोलापुरात!

रात्री आईला सगळं सांगितलं. आईची शाळा चौथीत सुटली, हजार विड्या वळून झाल्याशिवाय तिला उठता यायचं नाही. बस, कॅमेरे, उंच कंपाउंड ऐकून म्हणाली, "भिंतीच्या आत तर मीही होते की."

दुसऱ्या शाळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंग्रजी माध्यम, मुली फाडफाड बोलतात, शिकवणं चांगलं असणार. मुलीच्या आधी आमचीच मुलाखत झाली. बायको बी.ए. आहे, मी बारावीनंतर मशीनवर बसलो. माझ्या उत्तरानंतर समोरच्यांचं पेन थांबलं, एवढंच. फी दरवर्षी किती वाढते विचारल्यावर "मॅनेजमेंट ठरवतं" म्हणाले. 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो, हे मी बोललो नाही. पालकांनो, तुम्ही बोला.

तिसरी शाळा जुनी, संस्थेची, अनुदानित. मुलींची फी माफ, सेमी इंग्रजी आहे. रंग उडालेला. आम्ही गेलो तेव्हा कसल्याशा कार्यक्रमाची तयारी चालली होती. आठवी-नववीच्या चार मुली एक बाक जिन्यावरून वर नेत होत्या. "अगं कोपरा सांभाळ, भिंतीला घासतोय!" एक शिडीवर चढून पताका बांधत होती, दुसरी खालून शिडी धरून तिला शिव्या सोडून सगळं बोलत होती. माईक खरखरत होता, तर एक चष्मेवाली वायर खोलून बसलेली. शिपाईमामा पायरीवर चहा पीत होते. त्यांना कुणी हाक मारली नाही.

मला माझी शाळा आठवली. "चला, दोन मुलं उठा, बाक उचला." दर वेळी मुलंच. मुली रांगोळी काढायच्या नाहीतर पाहुण्यांना गुलाब द्यायच्या. मुलांनी काही हिरावून घेतलं नव्हतं, सरांना हाक मारायची सवयच तशी होती. इथे उठायला मुलंच नाहीत, त्यामुळे सगळं मुलींच्या अंगावर पडतं, आणि माझ्या लेकीच्या अंगावर हेच पडावं असं मला वाटतं. मुलींना जपणारी शाळा मला नको होती, हे त्या जिन्याखाली उभं राहून कळलं.

तोपर्यंत बायको स्वच्छतागृह बघून आली. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हीच खरी परीक्षा. "टाकीत पाणी आहे. दाराला आतून कडी आहे. कचऱ्याचा डबा आहे. चला." सखी सावित्री समितीचा फलकही होता. त्यावरच्या एक बाई मागच्या वर्षी रिटायर झाल्यात असं शिपाईमामा म्हणाले, पण फलक होता.

सगळं गोड नाही. एका वर्गात साठच्या वर मुली. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय आणि तो टॉवेलच जास्त वापरात असावा. माझा एक मित्र म्हणतो, मुलींतच वाढली तर पुढे मुलांशी बोलता येणार नाही. त्याचं अगदी चूक नाही. पण गल्लीत दिवसभर चुलत भाऊ आहेत, कारखान्यात माझ्या हाताखालची पोरं आहेत, अकरावीला कॉलेज आहेच. त्याच्या मुलीला आम्ही घरी गेल्यावर पाणी आणायला सांगतात आणि मुलगा सोफ्यावरच असतो, हे मी त्याला अजून बोललेलो नाही. आता वाचेलच.

तिसरी शाळा नक्की केली. तिथल्या ट्यूनिकलाही खिसा नाही. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, मी सॅम्पल शिवून आणतो, जादा पैसे नकोत. त्या हसल्या, मग विचारलं, "दोन्ही बाजूंना बसेल का?" परवा सॅम्पल घेऊन जातोय, साईज 28, खिसा बाजूच्या शिवणीत, बाहेरून कळतसुद्धा नाही.

आमच्यात आता भांडण जाण्या-येण्यावरून आहे. घर विजापूर रोडला, शाळा गावात. बायको म्हणते रिक्षा लावा. लेकीला सायकल हवी. मी सायकलच्या बाजूने आहे, फक्त सात रस्त्याला सिग्नलवर उभा राहिलो की माझं मत बदलतं.